अर्धं लुगडं

वारीत आईच्या पाठीवर कधी ओझं नसायचं. खांद्याला झोळी, झोळीत टाळ, हरिपाठाची पोथी, पाण्याची बाटली आणि चुरमुऱ्यांची पुडी. अंथरूण-पांघरुणाची वळकटी आळंदीला दिंडीच्या ट्रकमध्ये चढवली, की ती संध्याकाळी मुक्कामाच्या पालातच भेटायची. निघायची तारीखही तिनं कधी ठरवली नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान, आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपूर. पेरणी उरकलेली असो, नाहीतर पाऊस लांबलेला असो. "तारीख माउली ठरवतात, अंथरूण ट्रक नेतो, आपण नुसतं चालायचं," असं ती म्हणायची.

तिच्याबरोबर मी चार वाऱ्या केल्या. ती गेल्यावर एकही नाही. स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागोची चाल करायची असं गेल्या वर्षी मनानं घेतलं, तेव्हा तिचं हे वाक्य रोज आठवत होतं. कारण तिथं ना तारीख कुणी ठरवून देतं, ना अंथरूण न्यायला दिंडीचा ट्रक असतो. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत जेम्स, म्हणजे सांतियागो, यांची समाधी स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये आहे, अशी श्रद्धा आहे. नवव्या शतकापासून लोक तिथं चालत जातात. वाटा अनेक, सगळ्यांत गजबजलेली फ्रान्सच्या सीमेवरच्या सँ-जाँ-पिए-द-पोर गावातून निघते आणि 780 किलोमीटरांनी तिथं पोचते. पालखी नाही, विणेकरी नाही, चोपदार नाही. वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुणीही, एकट्यानं निघावं.

एवढी मोकळीक मिळाली की माणूस गोंधळतो. मी दोन महिने नुसती दिनदर्शिका चाळत होते. जुलै-ऑगस्टमध्ये मधल्या पठारावर ऊन भाजून काढतं, आणि 25 जुलैला संत जेम्सचा सण असल्यानं गर्दी उसळते. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च पिरेनीज पर्वतावरची उंच वाट कायद्यानं बंद असते; खालच्या दरीतून वळसा घालावा लागतो, आणि पुढची कितीतरी मुक्कामाची घरं कुलपात असतात. एप्रिल-मेमध्ये गव्हाची शेतं हिरवी आणि बांधांवर लाल खसखशीची फुलं. पण डोंगरात थंडी-पाऊस. शेवटी आपल्याच सणांनी मार्ग दाखवला. घरच्या गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की निघायचं आणि वसुबारसेच्या आत परत यायचं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. हवामानाच्या हिशेबानंही हाच काळ चांगला निघाला.

आत्याला हे कळल्यावर तिचा फोन आला. "पितृपक्षात कुठं निघतेस गं? या दिवसांत नवं काही सुरू करू नये." मी तिला म्हटलं, "आत्या, आईलाच घेऊन चाललेय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "सांभाळून जा."

आईला घेऊन जाते आहे, हे मी उगाच म्हटलं नव्हतं. त्याचं असं झालं. चालणाऱ्यांचा जुना नियम आहे, पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. म्हणजे पाठपिशवी धरून सगळं मिळून पावणेसहा किलो. घरात हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली स्लीपिंग बॅग होती. ती काट्यावर ठेवली तर एक किलो आठशे! दुकानात जाऊन पिसांची हलकी बॅग पाहिली, साडेपाचशे ग्रॅमची. दुकानातला मुलगा जाणता होता. त्यानं लेबलावरचे दोन आकडे दाखवले आणि समजावलं, की 'कम्फर्ट' हा आकडा बाईच्या शरीराच्या हिशेबानं काढतात आणि 'लिमिट' हा पुरुषाच्या. तेव्हा काकू, तुम्ही पहिलाच आकडा बघा. पहिला आकडा दहा अंशांचा होता. सप्टेंबरला पुरेसा, ऑक्टोबरातल्या डोंगराला अपुरा. वर एक आतली पिशवी घ्या, म्हणजे दोन-तीन अंश ऊब वाढते आणि बॅगही मळत नाही, असं त्यानं सुचवलं. रेशमी पिशवीची किंमत ऐकून मी घरी आले आणि आईची ट्रंक उघडली.

तिचं वारीचं लुगडं वर्षानुवर्षांच्या धुण्यानं इतकं मऊ झालं होतं, की हातात घेतल्यावर कापड आहे की पाणी, असं वाटावं. सुती, विटकरी रंगाचं, हिरवे काठ. नऊवारीचा बरोबर अर्धा भाग कापला, दुमडला, दोन्ही बाजू हातानं शिवल्या. दुहेरी धाव दोरा, आई गोधडीला घालायची तसा. झोपण्याची पिशवी तयार झाली. वजन तीनशे साठ ग्रॅम. उरलेलं अर्धं लुगडं ट्रंकेत परत ठेवलं.

सँ-जाँहून निघाले तो पितृपक्षातला पहिला दिवस. घाट चढताना ढग खाली आणि आपण वर, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा धुक्यातून ऐकू येतात, मेंढ्या मात्र दिसत नाहीत. पंचवीस किलोमीटरचा तो दिवस सगळ्या वाटेतला सर्वांत खडा. चौदाशे मीटरच्या वर चढून पलीकडे स्पेनमध्ये रोन्सेस्वायेसच्या जुन्या मठात उतरतो. तिथं हॉलंडहून आलेले स्वयंसेवक यात्रेकरूंची उठबस करतात. बूट वेगळ्या खोलीत ठेवायचे, पाठपिशवी पलंगावर टेकवायची नाही, दहाला दिवे बंद. सकाळी सहाला दिवे लागतात आणि आठापर्यंत खोली मोकळी करायची. एका ठिकाणी एकच रात्र. आजारी असलात तरच दुसरी.

पाठपिशवी पलंगावर का ठेवायची नाही, तर ढेकूण. या वाटेवर ढेकणांची मोठी धास्ती आहे. माणसं खोलीत शिरली की पहिल्यांदा गादीच्या शिवणी उचकटून बघतात. कुणी घरून निघतानाच स्लीपिंग बॅगेवर औषध मारून आणतात. माझ्या लहानपणी बाजा अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे, ते आठवलं. दुपारी ऊन असलं की मी लुगडं उलटं करून वाळत घालायची. ते बघून एक फ्रेंच बाईही आपली पिशवी उलटी करू लागल्या, आणि पुढे आठवडाभर आम्ही भेटलो की आधी एकमेकींची अंथरुणं उन्हात टाकायचो.

झोपण्याच्या खोलीतले रीतिरिवाज वारीपेक्षा अगदी निराळे. वारीत रात्र उशिरापर्यंत जागी असते. कीर्तन, भजन, भाकरी थापण्याचे आवाज, कुणाचे पाय चेपणं. पहाटे कुणीतरी हाक देतं आणि सगळं पाल एकदम उठतं. इथं वीस-तीस माणसं एका खोलीत आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. पहाटे लवकर निघणाऱ्यानं आदल्या रात्रीच सामान बांधून ठेवायचं, दिव्याचा झोत कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, आणि प्लास्टिकच्या पिशव्या तर मुळीच चुरचुरवायच्या नाहीत. मी पहिल्याच रात्री सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकून देऊन कापडी घेतल्या. त्या शांततेत दुसऱ्याच्या झोपेचा केवढा आदर असतो, हे मला इथं समजलं. घोरणाऱ्यांना मात्र दोन्हीकडे सारखीच माफी.

आणखी एक फरक पहिल्या दिवसापासून जाणवला. वारीत नाव विचारत नाहीत. कलेक्टर असो की मजूर, सगळे माउली. इथं भेटणारा प्रत्येक जण आधी 'बुएन कामिनो', म्हणजे वाट शुभ होवो, म्हणतो आणि मग विचारतो, कुठल्या देशाची, नाव काय, आणि का चालतेस. तिसरा प्रश्न इतका सरळ विचारतात, की खोटं बोलवत नाही.

पाम्प्लोनाच्या पुढे डोंगर मागे पडतात. ला रिओहाच्या मुलखात द्राक्षं तोडायला आली होती. आपल्याकडच्या मांडवांची सवय असलेल्या डोळ्यांना तिथल्या कमरेएवढ्या वेली ठेंगण्या वाटतात. मजूर ओणवे होऊन वाकड्या सुरीनं घड कापतात. वाटेकडेला काळ्या बेरी, अंजिरं, अक्रोड. सप्टेंबरात यायचं हे एक मोठं सुख, न्याहारी कुंपणावरच लटकलेली असते. सांतो दोमिंगो दे ला काल्सादाच्या कॅथेड्रलमध्ये भिंतीतल्या एका सुशोभित खुराड्यात जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवलेली आहेत. खोट्या आळापायी फाशी दिलेला एक तरुण यात्रेकरू जिवंत राहिला आणि त्याची साक्ष भाजलेल्या कोंबड्यानं उठून आरवून दिली, अशी कथा आहे. आपल्या संतचरित्रांत शोभावी अशी.

तिथून सात किलोमीटरवर ग्रान्योन. या गावात मी दुपारीच थांबले, कारण इथं पलंग नाहीत हे मी ऐकून होते. चर्चला लागून असलेल्या मनोऱ्यात अरुंद दगडी जिन्यानं वर जायचं, आणि वर जमिनीवर पातळ गाद्या अंथरलेल्या. एकीला लागून एक. मधे वीतभर जागा. मी गादीवर लुगडं पसरलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आपण वारीतल्या सासवडच्या मुक्कामाला आलो. दाराशी पैशांची पेटी होती, झाकण उघडं. जमेल ते ठेवा आणि लागेल ते घ्या, असं त्यावर लिहिलेलं. काल मुक्कामाला असलेल्यांनी पेटीत जे टाकलं त्यातून आजचा स्वयंपाक होतो. कांदे चिरायला मी बसले, एक कोरियन मुलगी लसूण सोलत होती, एक इटालियन गृहस्थ ताटल्या मांडत होते. मसुरीचं दाट सूप, पाव, सॅलड. आपली पंगत आणि ही पंगत यात एवढाच फरक, की इथं वाढपी नाहीत. भांडं हातोहात फिरतं आणि प्रत्येकानं पुढच्याला उरेल असं बघून घ्यायचं. जेवणानंतर चर्चच्या माळ्यावर अंधारात सगळे बसले. एक पेटती मेणबत्ती या हातातून त्या हातात. ज्याच्या हातात ती येईल त्यानं आपल्या भाषेत काही म्हणावं, नाहीतर गप्प राहावं. माझ्याकडे आली तेव्हा मी हरिपाठातला एक अभंग म्हटला. कुणालाही शब्द कळले नसतील. पण शेजारच्या बाईंनी मेणबत्ती घेताना माझा हात थोडा जास्त वेळ धरला.

बुर्गोस सोडलं की मेसेता नावाचं पठार लागतं. अनेक जण इथं बस पकडतात. सपाट, उजाड, कंटाळवाणं म्हणून. मला मात्र ते बार्शीकडच्या माळासारखं वाटलं. गव्हाची कापणी होऊन गेलेली, पिवळी धसकटं क्षितिजापर्यंत, सूर्यफुलांची काळी पडलेली वाकलेली डोकी. वाट कायम पश्चिमेला, त्यामुळं सकाळी आपली सावली पुढे लांबच लांब पडते आणि आपण तिच्या मागोमाग चालत राहतो. कार्रियोनच्या पुढे सतरा किलोमीटर एकही गाव नाही, झाडही विरळाच. सप्टेंबरच्या शेवटीही तिथं दुपारी डोकं तापलं. ऑगस्टात चालणाऱ्यांचं काय होत असेल, ते तिथं कळलं. याच पठारावर रात्री मात्र पारा झपकन उतरतो. दगडी घरं दिवसभराची ऊब रात्री देतील असं वाटलं होतं, पण ती थंडीच साठवतात. एकाच चोवीस तासांत उकाडा आणि कुडकुडणं, दोन्ही. पिसांच्या बॅगेत घाम येई, बाहेर थंडी वाजे. मग मी लुगड्यात शिरायची आणि बॅग वरून उघडी पांघरायची, गोधडीसारखी.

कास्त्रोहेरिसला पोचले ती सर्वपित्री अमावास्या होती. दोन ते पाच गाव झोपलेलं असतं. खिडक्यांच्या झडपा बंद, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. आपल्याकडे वामकुक्षी घरात होते, रस्ता जागाच असतो. इथं रस्ताही झोपतो. मी लुगडं धुऊन मागच्या अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि पायरीवर बसून राहिले. पाचच्या सुमाराला शेजारच्या घराचं दार उघडलं आणि काळ्या झग्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. सरळ दोरीपाशी गेल्या. हिरवा काठ चिमटीत धरला, उलटा करून विणीकडे पाहिलं. मग शिवणीवरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या, टाके मोजावेत तशा. एके ठिकाणी माझा दोरा सैल पडला होता, तिथं त्यांचं बोट थांबलं. त्या आत गेल्या, सुईदोरा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या चार टाके घालून दाताने दोरा तोडला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश शंभर शब्दांचं. "माद्रे?" त्यांनी विचारलं. आईचं का? मी मान हलवली आणि आभाळाकडे बोट केलं. त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि बशीभर अंजिरं आणून दिली. त्यातलं एक मी कुंपणाच्या दगडी भिंतीवर ठेवलं. कावळा काही आला नाही. काळ्या-पांढऱ्या लांब शेपटीचा मॅगपाय आला, कावळ्याच्याच कुळातला. त्यानं अंजीर उचललं आणि तो पॉपलरच्या रांगेकडे उडाला.

त्या रात्री मी विचार करत होते, मध्ययुगात या वाटेनं चालणाऱ्यांकडे अंथरूण म्हणून काय असायचं. हातात काठी, कमरेला कातडी झोळी, पाण्याचा भोपळा, आणि अंगावर जाड लोकरी डगला. तोच डगला पावसात छप्पर, वाऱ्यात भिंत आणि रात्री पांघरूण. आपल्या धनगराच्या घोंगडीचं काम तंतोतंत हेच. साडेपाचशे ग्रॅमची पिसांची बॅग शोधत मी पुण्यातली दुकानं पालथी घातली, त्याचं मला वाईट वाटत नाही. पाय माझे आहेत आणि वयही माझंच. पण एक वस्तू एका कामाची, ही सवय त्या चालीत सुटत गेली हे खरं. लुगडं टॉवेल झालं, पडदा झालं, गुडघा सुजला तेव्हा त्याची घडी उशी होऊन पायाखाली गेली.

दसऱ्याला क्रूस दे फेरोला होते. दीड हजार मीटर उंचीवर उंच लाकडी खांब, त्यावर लहानसा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी जगभरच्या माणसांनी घरून आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. इंद्रायणीकाठचा गोटा तिथं ठेवून मी सीमोल्लंघन केलं.

चार दिवसांनी ओ सेब्रेइरोचा चढ. गॅलिसिया प्रांताचं दार. गवताने शाकारलेली गोल दगडी घरं, दऱ्यांतून वर येणारा वारा. वर पोचून पाठपिशवी उघडली तर तळाशी सगळं ओलं. पाण्याच्या पिशवीचं झाकण सकाळी मीच सैल लावलं होतं. दीड लिटर पाणी पिसांच्या बॅगेत मुरलेलं. भिजलेलं पीस म्हणजे नुसता गोळा. त्याचा फुगारा जातो आणि त्याबरोबर ऊब जाते, हे दुकानातल्या मुलानं बजावून सांगितलं होतं. तेव्हापासून पिशवीच्या आत जाड प्लास्टिकची एक मोठी थैली घालून त्यातच अंथरूण ठेवते. बाहेरून घातलेलं पावसाळी आवरण आतल्या पाण्यापुढे काय करणार? लुगडं मात्र मी वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. ते कोरडं होतं.

बाहेर पाच अंश. गॅलिसियातल्या सरकारी मुक्कामांत एक कागदी चादर आणि उशीचा अभ्रा हातात देतात, बाकी आपलं आपण. मी असतील तेवढे सगळे कपडे घातले आणि लुगड्यात शिरले. तरी दात वाजत होते. ग्रान्योनला लसूण सोलणारी ती कोरियन मुलगी दोन पलंगांपलीकडे होती. ती उठली, तिनं आपली चंदेरी कागदासारखी आणीबाणीची चादर काढली आणि न बोलता माझ्याभोवती लपेटली, आई बाळाला गुंडाळते तशी, पायाखाली दुमडून. चुरचुर आवाज झाला. एवढ्या नियमांची ती खोली, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

ती कोजागिरीची रात्र होती. झोप लागेना म्हणून पहाटे उठले, मुक्कामाचं दार उघडून बाहेर आले. ऑक्टोबरात तिथं उजाडायला साडेआठ वाजतात, त्यामुळं काळोख भरपूर होता आणि पूर्ण चंद्र पश्चिमेला, आमच्या वाटेवर बरोबर समोर. खालच्या दऱ्यांत धुकं गच्च भरलेलं, दुधासारखं. या गावातल्या चर्चमध्ये एलियास वालिन्या नावाचे धर्मगुरू होते. 1980 च्या दशकात, वाट जवळजवळ विसरली गेली असताना, त्यांनी पिवळ्या रंगाचे डबे घेऊन दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवत वाट पुन्हा आखून दिली. इतके दिवस मी त्याच बाणांमागे चालत होते. सकाळी हॉटेलात गरम दूध मागितलं, साखर घालून प्यायले, आणि चीजवर मध घालून देतात ते खाल्लं. केशर-वेलची नव्हती, पण कोजागिरी झाली.

सार्रियापासून शेवटच्या शंभर किलोमीटरवर गर्दी एकदम वाढते, कारण तेवढं चाललं तरी प्रमाणपत्र मिळतं. शाळेच्या सहली, गाणी, ताजे बूट. जुने चालणारे त्यांच्यावर नाराज असतात. मला नाराज होता आलं नाही; वाखरीला पंढरपूर जवळ येतं तेव्हा बसनं आलेलेही रिंगणात नाचतातच. सांतियागोला पोचले त्या दिवशी निलगिरीच्या झाडांतून पाऊस गळत होता. कॅथेड्रलमध्ये संतांच्या मूर्तीला मागून मिठी मारायची रीत आहे. आपण पायांवर डोकं ठेवतो, ते मागून खांद्यांना कवेत घेतात. मी दोन्ही केलं, म्हणजे आधी मिठी, मग खाली समाधीपाशी डोकं टेकलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी घरी आले. लुगडं धुताना शिवणीत मेसेतावरची गव्हाची काडी सापडली. कास्त्रोहेरिसच्या त्या बाईंचे चार टाके काळ्या दोऱ्याचे आहेत, ओळखू येतात.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं वारी पुढं गेली आहे आणि आषाढी एकादशी 25 जुलैला येते, संत जेम्सच्याच दिवशी. दिंडीत नाव दिलं आहे. आईची जुनी सतरंजी आणि वाकळ काढून उन्हात टाकली आहे; वळकटी बांधून, तिच्यावर दिंडीचा क्रमांक घालून ट्रकमध्ये द्यायची. लुगड्याची पिशवी मात्र वळकटीत बांधणार नाही. ती झोळीत राहील, टाळाशेजारी.